आधी बेसिन, मग दगड

घरच्या बाथरूममध्ये बेसिनचा काउंटर बसवताना

बाथरूमचं काम काढलं की बहुतेक घरांत पहिली फेरी होते ती ग्रॅनाइटच्या दुकानात. एखादा काळाभोर किंवा करड्या ठिपक्यांचा दगड मनात भरतो, चौरस फुटाचा भाव ठरतो, आगाऊ पैसेही दिले जातात. बेसिन नंतर बघू, नळ त्याच्याही नंतर, आणि खाली आधार काय द्यायचा ते मिस्त्री बघून घेतील, असा एकूण बेत असतो. दगड कापून घरी आला की मग एकेक गोष्ट लक्षात येते. आवडलेलं बेसिन त्या रुंदीत मावत नाही. नळाचं भोक भिंतीला इतकं चिकटलेलं असतं की मागून पाना जात नाही. नाहीतर बेसिनच्या नळीखाली नेमका लोखंडी अँगल आडवा येतो.

दगडात पाडलेलं भोक सरकवता येत नाही. म्हणून या कामात कारागिरीइतकाच क्रम महत्त्वाचा आहे: आधी बेसिन, मग नळ, मग उंची, मग साचा, मग आधार आणि सगळ्यात शेवटी दगड. हा क्रम पाळला तर साधा काउंटर घरातली दोन धडधाकट माणसं आणि एखादा प्लंबर मिळून उत्तम बसवू शकतात. पुढचं सगळं लिहिताना आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये नेहमी दिसणारा, साधारण ४ फूट लांब आणि २० इंच खोल असा ग्रॅनाइटचा काउंटर डोळ्यांपुढे ठेवला आहे.

बेसिन कोणतं घ्यावं?

दुकानात तीन प्रकार मिळतात. टेबल टॉप बेसिन पूर्णपणे दगडाच्या वर बसतं. त्यासाठी दगडात फक्त सांडपाण्याच्या कपलिंगचं एक छोटं भोक लागतं, त्यामुळे दगडाची ताकद जवळजवळ शाबूत राहते. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने हाच प्रकार निवडावा. एकच लक्षात ठेवा, बेसिनच्या बुडाभोवती साबणाचा मळ साचतो आणि तो रोज पुसावा लागतो.

दुसरं काउंटर बेसिन. हे दगडात कापलेल्या मोठ्या खाचेत वरून सोडलं जातं आणि त्याची कड दगडावर टेकते. कापाची कड बेसिनच्या ओठाखाली झाकली जाते, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरक खपून जातो.

तिसरं अंडर काउंटर बेसिन. ते दगडाच्या खालून बसतं. काउंटर पुसायला सर्वात सोपं आणि दिसायला सर्वात सुबक, पण कापाची कड उघडी दिसत असल्यामुळे तिला पॉलिश लागतं. पाण्याने भरलेलं बेसिन नुसत्या सिलिकॉनच्या जोरावर लटकत ठेवायचं नसतं. त्याला खालून क्लिप किंवा पट्टीचा आधार द्यावाच लागतो. हे काम ज्याने आधी केलं आहे अशाच कारागिराला द्या.

प्रकार कोणताही असो, दगड कापायला देण्यापूर्वी बेसिन विकत घेऊन घरात आणून ठेवा. चिनी मातीची वस्तू भट्टीत आकसते, त्यामुळे पुस्तिकेत छापलेलं माप आणि हातात आलेलं बेसिन यांत काही मिलिमीटरचा फरक पडू शकतो. माप प्रत्यक्ष बेसिनचं घ्या. खोक्यात कागदी साचा आला असेल तर तोही बेसिनवर धरून तपासा. बेसिन घेताना ते सपाट जागेवर ठेवून डुगडुगतं का ते पाहा, आणि आयएस २५५६ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का तेही बघा. सिरॅमिकच्या सॅनिटरी वस्तूंसाठी ते मानक आहे.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून घ्या. बेसिनच्या आत, वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं छिद्र आहे का? असेल तर मधे फटी असलेलं, म्हणजे हाफ थ्रेड वेस्ट कपलिंग लागतं, कारण ओव्हरफ्लोचं पाणी त्या फटींतून नळीत उतरतं. छिद्र नसेल तर फुल थ्रेड कपलिंग घ्या. ही अदलाबदल झाली तर पाणी काउंटरखाली गळतं आणि दोष मात्र सिलिकॉनला दिला जातो. टेबल टॉप बेसिनसाठी कपलिंग लांब हवं, कारण त्याला बेसिनचं बूड आणि दगड या दोन्हींतून पार जायचं असतं.

नळाची जागा

काउंटर बेसिनला साध्या उंचीचा पिलर कॉक चालतो. टेबल टॉपसाठी उंच बॉडीचा नळ किंवा भिंतीतून येणारा नळ लागतो. बेसिन आणि नळ एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय खरेदी पक्की करू नका. नळाची धार बेसिनच्या जाळीच्या आसपास पडली पाहिजे. ती मागच्या उतारावर पडली तर पाणी भिंतीकडे उडतं, पुढच्या उतारावर पडली तर कपड्यांवर. उंच इमारतीत प्रेशर पंप असेल तर हा त्रास दुप्पट होतो. तिथे तोंडाला एअरेटरची जाळी असलेला नळच घ्या.

एका दांडीचा मिक्सर असेल तर ती दांडी मागे किती कलते ते मोजा. दगडातलं नळाचं भोक साधारण ३५ मिलिमीटरचं असतं. त्याचा मध्य भिंतीपासून किमान अडीच इंच पुढे ठेवा, म्हणजे दांडी भिंतीला अडणार नाही आणि मागे साचलेलं पाणी पुसायला फडक्यासह हात जाईल. नळ आणि बेसिनच्या मधेही बोट फिरण्याइतकी जागा सोडा.

उंची आणि मापं

उंची मोजायची ती जमिनीपासून बेसिनच्या काठापर्यंत, दगडापर्यंत नव्हे. मोठ्या माणसांना ३२ ते ३४ इंचांवरचा काठ सोयीचा पडतो. काउंटर बेसिन असेल तर दगडही जवळपास त्याच उंचीवर येतो. टेबल टॉप बेसिन ५ इंच उंच असेल आणि काठ ३३ इंचांवर हवा असेल, तर दगडाचा पृष्ठभाग २८ इंचांवर आला पाहिजे. हा हिशेब न केल्यामुळे किती तरी घरांत हात धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि लहान मुलांना तर नळ गाठताच येत नाही. जमिनीवर नवी फरशी बसायची असेल तर तिची जाडी आधीच धरा. घरात व्हीलचेअर वापरणारं कुणी असेल तर काउंटरखाली कपाट करू नका. गुडघे आत जातील अशी मोकळी जागा ठेवा.

आता भिंती. डोळ्यांना सरळ दिसणारा कोपरा क्वचितच काटकोनात असतो. लांबी तीन ठिकाणी मोजा: भिंतीलगत, मध्ये आणि पुढच्या कडेला. काउंटर दोन भिंतींच्या मध्ये बसणार असेल तर सर्वांत लहान माप धरा आणि दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटर सोडा. ती फट पुढे सिलिकॉनने भरली जाते. गुण्या लावून कोपरा तपासा. त्यानंतर जाड पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा साचा कापा आणि जागेवर ठेवून पाहा. त्यावर बेसिन, नळ, कपलिंगचं भोक, दर्शनी बाजू आणि डावी-उजवी बाजू स्केचपेनने लिहा. दार पूर्ण उघडतं का, कमोडवर बसणाऱ्याच्या खांद्याला कोपरा लागतो का, आरशाच्या कपाटाचं दार नळाला अडतं का, हे सगळं या पुठ्ठ्यावर फुकटात कळतं. दगडावर ते कळायला पैसे पडतात.

मोठी खाच असेल तर तिच्या पुढे आणि मागे किमान अडीच ते तीन इंच दगड शिल्लक राहिला पाहिजे. ग्रॅनाइट दाबाला भक्कम असतो, पण वाकवणाऱ्या ताणाला कच्चा. तडा जातो तो जवळजवळ नेहमी या अरुंद पट्टीतच.

भिंत ओळखा

आधार कशाला ठोकायचा हे भिंतीवर ठरतं. जुन्या इमारतींत विटांची भिंत असते. त्यात एक्स्पान्शन बोल्ट चांगला धरतो, मात्र तो विटेत यायला हवा, दोन विटांच्या सांध्यात नको. गेल्या काही वर्षांत बांधलेल्या अनेक इमारतींत हलके, राखाडी-पांढरे एएसी ब्लॉक असतात. त्यांत साधा एक्स्पान्शन बोल्ट फिरून ढिला होतो. तिथे अशा ब्लॉकसाठीच बनवलेले लांब नायलॉनचे फास्टनर किंवा केमिकल अँकर वापरा. मुंबई-पुण्याच्या नव्या उंच इमारतींत बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात. बांधकामवाले त्यांना मायवान म्हणतात. या भिंती इमारतीचं वजन पेलत असतात. त्यांत छिद्र पाडून बोल्ट बसवणं वेगळं आणि ग्राइंडरने लांब झिरी मारून आतली सळई कापणं वेगळं. दुसरी गोष्ट मुळीच करू नका. काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि ठोकाठोकीच्या वेळा शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

ड्रिल लावण्यापूर्वी भिंतीतल्या नळ्या आणि तारा कुठून जातात याचा अंदाज घ्या. त्या बहुतेक वेळा नळाच्या आणि स्विचच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत जातात. बाथरूमचा एमसीबी बंद करा. टाइलवर मास्किंग टेप लावून त्यावर खूण करा म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत टाइलचाच बिट वापरा आणि ड्रिलचा हातोडा बंद ठेवा. आत भिंत लागली की मगच बिट बदलून हातोडा चालू करा. आधी टाइलवर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज आला तर मागे मसाला नाही असं समजा आणि तिथे बोल्ट घेऊ नका.

आधार

१८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरतो. आपल्या ४ फूट बाय २० इंचांच्या काउंटरचं वजन त्यामुळे जवळपास ३० किलो होतं. त्यावर बेसिन, पाणी आणि तोंड धुताना दोन्ही हात टेकून पुढे झुकणारा माणूस. आधार या सगळ्यांचा हिशेब धरून द्यायचा.

आपल्याकडे तीन पद्धती रूढ आहेत. पहिली, कडप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे उभे खांब, स्वयंपाकाच्या ओट्याखाली असतात तसे. हा सर्वांत टिकाऊ आधार. पाण्याने तो कुजत नाही आणि खाली आपोआप कप्पे तयार होतात. दुसरी, भिंतीला बोल्टने बसवलेले एल ब्रॅकेट. जमीन मोकळी राहते, पोछा सहज फिरतो. तिसरी, कपाटावर दगड ठेवणं. कपाट प्लायचं असेल तर आयएस ७१० मानकाचं मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या प्रत्येक कडेला सील करा. साधं प्लाय किंवा पार्टिकल बोर्ड पावसाळ्यातल्या दमट हवेत फुगतं आणि वरचा दगड डळमळू लागतो.

ब्रॅकेट घेतले तर ४ फुटांना तीन लावा आणि दोन आधारांत २ फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. खाच मोठी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक आधार हवाच. मधला ब्रॅकेट बेसिनच्या नळीला आणि बॉटल ट्रॅपला अडणार नाही ना, ते साच्यावरून आधीच तपासा. अडत असेल तर त्याला बाजूला सरकवा. ब्रॅकेटचा आडवा हात दगडाच्या खोलीच्या किमान तीन चतुर्थांश असावा. साध्या लोखंडाचा अँगल असेल तर रेड ऑक्साइड लावून वर रंगाचे दोन हात द्या, कापलेल्या टोकांना आणि छिद्रांच्या आतही. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर केलेला खर्च वाया जात नाही. ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टवर भिंतीतून उपटण्याचा ताण सर्वांत जास्त येतो, त्यामुळे तो मनासारखा घट्ट बसला नाही तर जागा बदला. तसाच चालवून घेऊ नका.

आता दगड

बेसिनच्या काउंटरला ग्रॅनाइट शोभतो तो टणकपणामुळे आणि आम्लाला दाद न देण्याच्या गुणामुळे. मार्बल, कडप्पा, कोटा आणि शहाबादी हे दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल त्यांच्यावर पडलं की पॉलिश खाल्लं जातं आणि पांढुरके डाग कायमचे राहतात. कडप्पा खालच्या खांबांना उत्तम, वरच्या पृष्ठभागाला मात्र ग्रॅनाइट. फिकट रंगाचा ग्रॅनाइट घेणार असाल तर दुकानातच त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. थेंबाखालचा दगड गडद झाला तर तो पाणी शोषतो; त्याला स्टोन सीलर लावावा लागेल आणि काही वर्षांनी पुन्हा लावावा लागेल.

भाव विचारताना फक्त चौरस फुटाचा दर ऐकून परत येऊ नका. पुढच्या कडेच्या मोल्डिंगचा दर धावत्या फुटावर असतो, खाच आणि भोकांचे पैसे नगावर, आणि वाहतूक व हमाली वेगळी. हे सगळं साच्याच्या आकृतीसह कागदावर लिहून घ्या. फाटा म्हणजे उरलेला तुकडा कोणाचा, हेही ठरवा. त्यातून भिंतीलगतची ३-४ इंच उंच पट्टी निघते.

सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत. खाचेचे कोपरे गोलाईत हवेत, कारण तीक्ष्ण कोपऱ्यातून तडा सुरू होतो. दर्शनी कडेच्या खालच्या बाजूला, टोकापासून थोडं आत, एक बारीक उथळ चर मारून घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी दगडाखालून कपाटापर्यंत न जाता तिथेच खाली गळतं. आणि पुढचे कोपरे गोल करून घ्या. ते लहान मुलांच्या डोक्याच्या उंचीवर येतात.

कापण्याचं काम दुकानातच

हे मी कळकळीने सांगतो आहे. दगड घरी आणून बाथरूममध्ये किंवा गॅलरीत कोरड्या ग्राइंडरने कापू देऊ नका. ग्रॅनाइटमध्ये भरपूर क्वार्ट्झ असतं आणि कोरड्या कापणीत त्याची अतिशय बारीक धूळ उडते. ती फुप्फुसांत खोलवर जाऊन बसते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, फक्त वाढत जातो. बाजारात क्वार्ट्झ म्हणून मिळणाऱ्या कृत्रिम फरशीत हे प्रमाण आणखी जास्त, काही वेळा ९० टक्क्यांच्या वर असतं. याच कारणामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या वापरावर बंदी घातली. आपल्या घरात कापणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून काम करतो. त्या रुमालातून ही धूळ आरपार जाते. दुकानात पाण्याच्या धारेखाली कापलं तर धूळ तिथेच बसते. घरी एखादं भोक किंचित वाढवावंच लागलं तर दुसऱ्याने पाणी सोडत राहावं, दोघांनी एन-९५ मास्क आणि चष्मा लावावा, आणि ज्या यंत्राची तार ओल्या जागेत जाणार आहे ते आरसीसीबी असलेल्या लाइनवरच चालवावं. आपला काउंटर सुंदर व्हावा म्हणून कुणाचा श्वास खर्ची पडू नये.

बसवण्याचा दिवस

दगड आणताना आणि उचलताना तो कायम उभा धरा, लांब कड खाली ठेवून. खाच कापलेला दगड आडवा उचलला तर तो स्वतःच्याच वजनाने अरुंद पट्टीत मोडू शकतो. जमिनीवर टेकवताना खाली पोतं किंवा लाकडी पट्ट्या घाला. हे काम दोघांचं आहे, एकट्याने करायचं धाडस नको.

पहिलं काम भिंतीवर रेषा मारण्याचं. ही रेषा दगडाच्या खालच्या पृष्ठभागाची असते, म्हणजे ठरवलेल्या उंचीतून दगडाची जाडी वजा करा. स्पिरिट लेव्हल लहान असेल तर पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन टोकांच्या खुणा जुळवा; गवंडी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेली ही पद्धत अजूनही अचूक आहे. जमिनीवरून दोन्हीकडे टेपने मोजून रेषा मारू नका, कारण बाथरूमच्या जमिनीला ढाळ असतो.

रेषेवर ब्रॅकेट बसवा. तिन्ही ब्रॅकेटवर एक सरळ पट्टी ठेवून लेव्हल तपासा. आता काहीही न लावता दगड कोरडा ठेवून पाहा. डोलतो का? भिंतीशी फट सगळीकडे सारखी आहे का? बेसिन आणि नळ आपापल्या भोकांवर बसतात का? अडचण असेल तर ती याच टप्प्यावर सोडवा. दगड कुठे टेकत नसेल तर प्लास्टिकची पाचर घाला. लाकडाची पाचर ओलाव्याने फुगते आणि सुकली की आकसते. दोन्ही बाजूंच्या भिंतींत झिरी मारून दगड घुसवायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या: एका बाजूची झिरी दुप्पट खोल असल्याशिवाय दगड आत जाणारच नाही. बहुतेक घरांत याची गरज नसते.

कोरडी जुळणी पटली की दगड बाजूला घ्या. खालचा पृष्ठभाग आणि ब्रॅकेट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. ब्रॅकेटवर सिलिकॉनचे जाड ठिपके द्या आणि दगड सरळ वरून ठेवा. घासत सरकवू नका. दोन्ही दिशांना लेव्हल पाहा. काउंटर पाणसळीत हवा. पुढे उतार दिला तर पाणी पायांवर गळतं, मागे दिला तर भिंतीत मुरतं. आता २४ तास त्यावर काहीही ठेवू नका.

सिलिकॉन निवडताना नाकाचा उपयोग करा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते ॲसिटॉक्सी प्रकारचं. ते वाळताना आम्ल सोडतं आणि मार्बल-कडप्प्याला खातं. दगडासाठी नळीवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं, बुरशीरोधक सिलिकॉन घ्या. भिंतीलगतच्या फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, गनने एकाच दमात सलग रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती दाबून घ्या आणि वरची साय धरण्यापूर्वी टेप काढा. इथे पांढरं सिमेंट भरण्याची सवय सोडून द्यायला हवी. दगड आणि भिंत किंचित हलतात, सिमेंटला केसासारखी चीर जाते आणि त्या चिरेतून पाणी महिनोन्‌महिने आत जात राहतं.

बेसिन आणि जोडण्या

नळ बेसिनच्या आधी बसवा, कारण बेसिन बसलं की खालून पाना फिरवायला जागा उरत नाही. नळाच्या बुडाखालचं रबर नीट बसलं आहे ना, ते पाहून नट आवळा. टेबल टॉप बेसिनला कपलिंग लावून, त्याच्या बुडाभोवती सिलिकॉनची पातळ रेघ देऊन ते भोकावर ठेवा आणि खालून नट घ्या. चिनी माती जास्त आवळल्याने तडकते. हाताने घट्ट करून पान्याने थोडासाच फेरा पुरे.

आता पाणी बंद करून अँगल कॉकपासून नळापर्यंत कनेक्शन पाइप लावा. पाइप ताणलेला नको आणि पिळलेलाही नको. हलकीशी कमान राहील इतका लांब घ्या. टेफ्लॉन टेप गुंडाळायची ती अँगल कॉकच्या भिंतीतल्या आट्यांवर. कनेक्शन पाइपच्या नटमध्ये रबराचा वॉशर असतो आणि गळती तोच थांबवतो. तिथे टेप गुंडाळली तर नट उलट वाकडा बसतो.

सांडपाण्यासाठी बॉटल ट्रॅप लावा. त्याच्या वाटीत कायम उभं राहणारं पाणी गटारातली दुर्गंधी वर येऊ देत नाही. ट्रॅपमधून भिंतीत जाणाऱ्या नळीला भिंतीकडे थोडा उतार हवा. जुन्या इमारतींत बेसिनचा पाइप खाली नहाणीच्या जाळीत सोडलेला असतो. तिथे पाइपभोवतीची मोकळी फट रबरी रिंगने बंद करा. झुरळं वर येण्याची ती नेहमीची वाट असते.

तपासणी

सिलिकॉन पूर्ण वाळल्यावर बेसिन काठोकाठ भरा. ओव्हरफ्लो असेल तर नळ चालूच ठेवून त्यातून पाणी जाऊ द्या. मग झाकण उघडून सगळं पाणी एकदम सोडा. भरलेल्या बेसिनचा हा लोंढा जोडण्यांची जी परीक्षा घेतो, ती नुसत्या चालू नळाच्या धारेने होत नाही. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ओलावाही कागदावर उमटतो. रात्री काउंटरखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि सकाळी बघा. कपाट असेल तर हे सगळं झाल्यावरच त्यात सामान भरा. प्लंबरची उरलेली मजुरीही या परीक्षेनंतर द्या, आणि हे त्यांना काम सुरू होण्याआधीच सांगा, म्हणजे कुणाचाही मान दुखावत नाही.

रोजची काळजी

बोअरच्या जड पाण्याने दगडावर आणि नळावर पांढरे क्षार बसतात. ते खरवडण्यासाठी टॉयलेट क्लीनर वापरू नका. त्यातल्या आम्लाने नळाचा क्रोम उडतो. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसलं तर क्षार साचतच नाहीत. सिलिकॉनची रेघ काळी पडली किंवा टोकाला सुटली तर वरून नवी थापू नका. जुनी पात्याने पूर्ण काढा, जागा वाळवा आणि नवी भरा. पावसाळ्यापूर्वी एकदा काउंटरखाली विजेरी घेऊन बघा: ब्रॅकेटवर गंज, बोल्टभोवती ओल, कनेक्शन पाइपच्या जाळीवर हिरवट डाग. यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. आपल्याकडचा छोटा थेंब खालच्या घराच्या छतावर मोठा डाग होऊन उमटतो.

शेवटी दोन कामं करा. ब्रॅकेट, बोल्ट आणि नळ्यांचे फोटो मापांसह घराच्या कागदपत्रांत ठेवा. दहा वर्षांनी आरसा बदलायला येणाऱ्याला ते लागतील. आणि घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांना आणि शाळेतल्या मुलांनाही, काउंटरखालचा अँगल कॉक कुठे आहे आणि तो कोणत्या बाजूला फिरवून बंद करायचा, ते प्रत्यक्ष करून दाखवा. कनेक्शन पाइप कधी सुटलाच, तर त्या वेळी घरात जे असेल त्याला पाणी थांबवता आलं पाहिजे.